अर्जाला उत्तर का येत नव्हतं

बायोडेटा बरा होता, तरी नोकरीच्या अर्जांना उत्तरच येईना. एका रात्री अर्जांसोबत पाठवलेली सगळी पत्रं ओळीने वाचली. प्रत्येकाची सुरुवात ‘मी मेहनती व प्रामाणिक आहे’ अशी. एकात तर आधीच्याच कंपनीचं नाव तसंच राहिलेलं! (त्यांनी उत्तर दिलं नाही, हे उपकारच.)

मग जाहिरातीतून कंपनीची मुख्य गरज शोधून पहिल्याच वाक्यात तिला हात घालू लागलो. ‘हिशेबाच्या कामाचा अनुभव आहे’ याऐवजी लिहिलं, ‘महिनाअखेरचा हिशेब जुळवायला आम्हाला ६ दिवस लागायचे, नोंदींचा क्रम बदलून मी ते काम ३ दिवसांवर आणलं.’ पत्र एका पानाच्या आत. बायोडेटा पुन्हा उगाळायचा नाही. अशा पाचव्या पत्राला मुलाखतीचं बोलावणं आलं.

पाठपुरावा करणं मला लाचारीचं वाटायचं. यावेळी मात्र मुलाखतीच्या दुसऱ्याच दिवशी चार ओळींच्या ईमेलमध्ये आभार मानले, बोलण्यात निघालेल्या एका मुद्द्याचा उल्लेख केला. आठवडाभर शांतता. मग त्याच ईमेलला जोडून एवढंच विचारलं: निर्णय साधारण कधीपर्यंत होईल? संध्याकाळी उत्तर आलं, दुसऱ्या फेरीच्या तारखेसह.