अनेक टप्प्यांची सायकल शर्यत: हौशी स्पर्धकांनी या चुका टाळाव्यात

एका दिवसाच्या शर्यतीत झालेल्या चुकीचा हिशेब त्याच दिवशी मिटतो. अनेक टप्प्यांच्या शर्यतीत मात्र ती चूक पुढच्या दिवसांच्या खात्यावर चढते. तिसऱ्या दिवशी घाट चढताना पाय साथ देईनासे झाले की स्पर्धक त्या सकाळच्या न्याहारीला, वाऱ्याला किंवा टायरमधील हवेला दोष देतो, आणि खरे कारण बहुधा पहिल्या दिवशीच्या अतिउत्साहात किंवा आदल्या संध्याकाळच्या आळसात दडलेले असते. म्हणून प्रत्येक अडचणीचे निदान करताना किमान एक दिवस मागे जाऊन पाहण्याची सवय लावून घ्यावी.

पहिल्या दिवशीचा अतिउत्साह

शर्यतीपूर्वीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत सरावाचे एकूण प्रमाण साधारण निम्म्यावर आणून थोडा वेगवान सराव चालू ठेवावा, हा सर्वमान्य सल्ला आहे. तो पाळणाऱ्याचे पाय पहिल्या सकाळी इतके ताजे असतात की कोणताही वेग सोपा वाटतो, आणि नेमका येथेच घात होतो. पहिल्या मोठ्या चढावर आपल्याहून तगडा गट पुढे सरकतो, पाच-सात मिनिटे त्याच्यासोबत राहणे जमते, मग श्वास फुटतो आणि उरलेला चढ मूळ योजनेपेक्षाही संथ गतीने पार करावा लागतो. वेळेचा तोटा त्या दिवशी फारसा जाणवत नाही. मात्र स्नायूंतील साखरेचा साठा नको तितका उपसला गेलेला असतो आणि त्याची भरपाई एका रात्रीत होईलच असे नाही.

पॉवर मीटर (पेडलवर लावलेली ताकद मोजणारे यंत्र) असल्यास पहिले दोन दिवस लांब चढांवर आपल्या थ्रेशोल्डच्या (साधारण तासभर टिकवता येणाऱ्या कमाल ताकदीच्या) सुमारे ८५ टक्क्यांच्या पुढे न जाणे शहाणपणाचे ठरते. हे यंत्र अधिक जोर लावण्यासाठी चाबूक म्हणून वापरणारे पुष्कळ भेटतात. बहुटप्पी शर्यतीत त्याचा खरा उपयोग लगाम म्हणून होतो. यंत्र नसेल, तर चढावर एखादे छोटे वाक्य सलग बोलता येते का, एवढे पाहणे पुरेसे आहे.

हृदयगतीवर विसंबणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. सलग दिवसांचा थकवा साचत गेला की त्याच ताकदीला हृदयगती नेहमीपेक्षा कमी दिसू लागते आणि कमाल आकड्यापर्यंत ती पोहोचतच नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘आज ठोके वाढतच नाहीत, म्हणजे मी पुरेसा जोर लावत नाही’ असा अर्थ काढून पहिल्या दिवशीचा आकडा गाठण्याचा प्रयत्न करणे, ही अनुभवी माणसांकडूनही होणारी चूक आहे. अशा दिवशी पायांची जाणीव आणि पॉवरचा आकडा यांवर विश्वास ठेवावा. याउलट, सकाळी झोपून उठल्यावरचे ठोके नेहमीपेक्षा बरेच जास्त असतील आणि अंग कणकणत असेल, तर तो आजाराचा किंवा शरीरातील पाणी कमी झाल्याचा इशारा असू शकतो.

गिअरची निवडही याच सदरात येते. ३४ दातांच्या चेनरिंगसोबत (पेडलजवळचे दातेरी चक्र) मागे ३४ दातांचे स्प्रॉकेट (मागच्या चाकावरील दातेरी चक्र) असेल, तर मिनिटाला पेडलच्या ७० फेऱ्यांनी सायकल ताशी सुमारे ९ किलोमीटर वेगाने चालते, आणि १० टक्के चढावर सामान्य हौशी स्पर्धकाला तेवढा वेग पुरे होतो. तोच चढ त्याच वेगाने पुढे ३६ आणि मागे २८ दातांच्या जोडीवर चढायचा झाल्यास फेऱ्या ५४ पर्यंत उतरतात. एक दिवस हे सहन होते, पण रोज दोन-तीन घाट असतील तर गुडघे तक्रार करू लागतात. हलक्या गिअरला कमीपणा मानण्याची जी एक विचित्र प्रथा सायकलस्वारांत आहे, तिला या शर्यतीत तरी रजा द्यावी.

घोळका सोडणे आणि चुकीच्या चाकामागे धावणे

ताशी ४० किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर धावताना सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवेचा विरोध मोडण्यात खर्च होते, आणि दुसऱ्याच्या चाकामागे राहिल्यास एकूण खर्चात पाव ते तिसरा हिस्सा इतकी बचत होऊ शकते. हे सर्वांना पाठ असते, तरीही घाटमाथ्यावर पोहोचल्यावर नेमका त्याचाच विसर पडतो. समजा, उतारानंतर ३० किलोमीटर सपाट रस्ता आहे. पुढचा गट एका मिनिटाने पुढे आहे आणि मागचा गट एका मिनिटाने मागे आहे. एकट्याने पुढच्या गटाचा पाठलाग करणारा स्पर्धक ताशी ३४ किलोमीटर वेगाने हे अंतर सुमारे ५३ मिनिटांत कापतो. आठ-दहा जणांचा गट ताशी ४० ने तेच अंतर ४५ मिनिटांत, तेही प्रत्येकाच्या कमी कष्टात, पार करतो. म्हणजे माथ्यावर जॅकेट चढवत, काही खात, एक मिनिट थांबून मागच्या गटात सामील होणाऱ्याचा सात मिनिटांचा लाभ होतो, आणि पाय वाचतात ते वेगळेच.

टप्प्याचा नकाशा आदल्या दिवशी पाहताना म्हणूनच केवळ चढांची उंची पाहू नये. कोणत्या चढानंतर लांब दरी किंवा उघडे पठार आहे, तेथे वारा कोणत्या दिशेने अपेक्षित आहे, आणि कोठपर्यंत गटात असणे अत्यावश्यक आहे, याची नोंद करून ती सायकलच्या स्टेमवर (हँडलबार धरून ठेवणाऱ्या भागावर) चिकटवावी. ज्या एका चढानंतर एकटे पडणे परवडणारे नाही, त्याच चढावर ठरवलेली मर्यादा थोडी ओलांडण्यास हरकत नाही. इतर ठिकाणी संयम पाळलेला असतो, तो अशाच जागी खर्च करण्यासाठी.

गटात असताना सर्वांत मागे राहणे सुरक्षित वाटते, पण प्रत्येक वळणानंतर मागच्यांना ताणलेले अंतर भरून काढण्यासाठी जोराचा धक्का द्यावा लागतो, आणि चार तासांत असे शंभर धक्के पायांत उतरतात. गटाच्या पुढच्या तिसऱ्या भागात राहावे, आघाडीवर येण्याची पाळी आल्यास थोडाच वेळ वारा अंगावर घेत गटाला ओढावे, आणि आघाडीवर गेल्याबरोबर वेग वाढवण्याचा मोह आवरावा.

खाणे: तहानभूक लागण्याची वाट पाहणे

स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण ५०० ग्रॅम साखर साठवून ठेवता येते. कठीण टप्प्यात हा साठा दोन-तीन तासांत तळाला जाऊ शकतो, आणि भूक जाणवते तोपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. अडीच तासांहून लांब टप्प्यासाठी ताशी ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. ६० ग्रॅमच्या पुढे जायचे असेल तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे मिश्रण असावे, कारण आतड्यात या दोन शर्करांचे शोषण वेगवेगळ्या मार्गांनी होते आणि एकच मार्ग तुंबला की पोट बिघडते. मात्र ९० ग्रॅम पचवण्याची सवय आतड्यालाही सरावातूनच लावावी लागते. शर्यतीच्या सकाळी नवीन जेल (पुडीतील घट्ट, गोड ऊर्जाद्रव) हातात घेणे म्हणजे पोटदुखीला आमंत्रण आहे.

खाणे चुकले की काय होते, हे व्यावसायिकांनाही भोगावे लागले आहे. १९९८ च्या टूर द फ्रान्समध्ये आघाडीवीराची पिवळी जर्सी घातलेला यान उलरिख गालिबिए घाटाच्या टप्प्यात थंडी, पाऊस आणि अपुरे खाणे यांच्या कचाट्यात सापडला आणि एकाच दिवसात मार्को पांतानीच्या तुलनेत जवळजवळ नऊ मिनिटे गमावून बसला. थंडीत हात बधिर झाले की खिशातून पुडी काढणे आणि फाडणेही कठीण होते. म्हणून माथा येण्यापूर्वीच खाऊन घ्यावे आणि जॅकेट उतार सुरू होण्याआधी चढवावे.

पाण्याबाबत दोन्ही टोकांच्या चुका होतात. टप्प्याच्या आधी आणि नंतर वजन करून पाहावे. दोन-तीन टक्क्यांहून अधिक घट असल्यास दुसऱ्या दिवशी पिण्याचे आणि मिठाचे प्रमाण वाढवावे. वजन वाढले असेल, तर आपण गरजेपेक्षा जास्त पाणी पीत आहोत. रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. अंग दुखते म्हणून रोज सकाळी आयबुप्रोफेनसारखी गोळी घेण्याची सवयही टाळावी, कारण शरीरात पाणी कमी असताना अशी औषधे मूत्रपिंडावर ताण आणतात. ट्रॅमाडॉल हे तीव्र वेदनाशामक तर २०२४ पासून वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीनुसार स्पर्धेदरम्यान निषिद्धच आहे.

अंतिम रेषेनंतरचे चार तास

माझ्या मते हौशी स्पर्धक सर्वाधिक वेळ गमावतात तो येथे, कोणत्याही घाटावर नव्हे. रेषा ओलांडली की ते घामेजल्या कपड्यांत उभे राहून तासभर टप्प्याची चर्चा करतात, मग रांगेत सायकल धुतात, आणि पोटात पहिला घास जातो तेव्हा दुपार टळलेली असते. दुसऱ्या दिवशी पहिल्याच चढावर पाय रिकामे वाटले तर तपास या दुपारपासून सुरू करावा.

लवकर भरपाई करायची असेल तर पहिल्या चार तासांत दर तासाला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असे क्रीडा आहारशास्त्र सांगते. ७० किलोच्या माणसासाठी हे ताशी ७० ते ८४ ग्रॅम होतात, आणि सोबत सुरुवातीलाच २० ते २५ ग्रॅम प्रथिने असावीत. हे प्रमाण ऐकायला सोपे आणि थकलेल्या पोटाला अवघड असते, म्हणून पहिला वाटा पेयाच्या रूपात असावा आणि तो अंतिम रेषेजवळ जाणाऱ्या पिशवीत आधीच भरून ठेवावा. त्याच पिशवीत कोरडे कपडे आणि चपला ठेवाव्यात.

ओली बिब शॉर्ट्स (खांद्यावरून पट्टे असलेली सायकलिंगची चड्डी) सर्वप्रथम उतरवावी. सॅडलवर बसून अंगाला येणाऱ्या फोडांची सुरुवात घाम, घर्षण आणि जिवाणू यांच्या संयोगातून होते, आणि सात दिवसांच्या शर्यतीत ती पहिल्या काही दिवसांतच होऊ शकते. १९८७ च्या व्हुएल्टात (स्पेनच्या बहुटप्पी शर्यतीत) आयर्लंडचा शॉन केली आघाडीवर असतानाच अशा फोडामुळे शर्यत सोडून गेला. रोज धुतलेली, पूर्ण वाळलेली शॉर्ट्स घालावी, म्हणजेच किमान तीन जोड न्यावेत. सॅडल बदलायचे असेल तर महिनाभर आधी बदलावे, आणि फोड स्वतः फोडण्याच्या भानगडीत पडू नये. बाटल्या गरम पाण्याने आणि साबणाने रोज धुवाव्यात. एकत्र मुक्कामात पोटाचा विकार एकाला झाला की तो तंबूभर पसरतो.

झोपेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. सायकल, कपडे, खाऊ आणि क्रमांक रात्रीच्या जेवणापूर्वी तयार ठेवले तर झोपेचा तासभर सहज वाचतो.

यंत्राच्या तक्रारी

रोज दहा मिनिटे पुरतात. चेन पुसून तेल द्यावे, टायरमध्ये काच किंवा खडा रुतला आहे का ते पाहावे, ब्रेक पॅडची जाडी तपासावी, आणि इलेक्ट्रॉनिक गिअर असल्यास बॅटरी चार्ज करावी. शर्यतीपूर्वी चेनची झीज मोजून ती ०.५ टक्क्यांवर पोहोचली असल्यास नवीन चेन आधीच बसवून दोन-तीन फेऱ्या मारून घ्याव्यात. हुकलेस रिम (टायरची कड अडकवणारा वाकडा काठ नसलेली रिम) वापरणाऱ्यांनी हवा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय, या मर्यादेच्या वर भरू नये. ट्यूबलेस टायर असले तरी प्लग (छिद्रात खुपसायची रबरी पट्टी) आणि एक ट्यूब खिशात असावी, कारण मोठी चीर सीलंटला (टायरमधील छिद्र बुजवणाऱ्या द्रवाला) दाद देत नाही.

शर्यत चालू असताना फिटिंगशी खेळ करणे ही वेगळी चूक आहे. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सॅडल खाली असण्याची किंवा जड गिअर वापरल्याची शक्यता असते. मागच्या बाजूला दुखत असेल तर सॅडल वर असण्याची. तळपाय जळजळत असल्यास प्रथम बुटाचा पट्टा सैल करावा, मग क्लीट (बुटाच्या तळाचा पेडलमध्ये अडकणारा भाग) किंचित मागे घ्यावे. कोणताही बदल दोन-तीन मिलिमीटरचाच आणि एका वेळी एकच करावा, आणि मूळ माप टेपने खुणावून ठेवावे.

नियमपुस्तिका न वाचणे

२०१५ च्या गिरो द इतालियामध्ये (इटलीच्या बहुटप्पी शर्यतीत) रिची पोर्टला पंक्चर झाले तेव्हा दुसऱ्या संघातील सायमन क्लार्कने खिलाडूपणे आपले चाक दिले, आणि नियमभंगाबद्दल पोर्टला दोन मिनिटांचा दंड बसला. हौशी शर्यतींचे नियम आयोजकांगणिक बदलतात, त्यामुळे दूरचित्रवाणीवर पाहिलेले गृहीत धरू नये. गटाला सामाईक वेळ मिळते की प्रत्येकाची चिपवर स्वतंत्र मोजली जाते, धोक्याच्या उतारांवर घड्याळ थांबवले जाते का, शेवटच्या तीन किलोमीटरांत पंक्चर झाल्यास वेळेचे संरक्षण आहे का, कचरा टाकण्याची जागा कोणती, आणि वेळमर्यादा चुकल्यास दुसऱ्या दिवशी क्रमवारीबाहेर राहून तरी धावता येते का, एवढे प्रश्न तरी पहिल्या बैठकीतच विचारून घ्यावेत. ज्या शर्यतीत उताराची वेळ मोजलीच जात नाही, तेथे उतारावर जीव धोक्यात घालणाऱ्यांची संख्या पाहिली की नियमपुस्तिका किती जणांनी उघडली असेल, याचा अंदाज येतो. सॅडल सोडून पुढच्या आडव्या नळीवर बसून उतरण्याची पद्धत यूसीआयने (सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने) २०२१ पासून बंद केली आहे. ती सरावातही नको.

थांबायला हवे तेव्हा न थांबणे

प्रवेश शुल्क भरलेले असते, रजा घेतलेली असते, त्यामुळे शर्यत सोडण्याचा निर्णय दुपारच्या उन्हात घाटावर घेण्याची वेळ येऊ देऊ नये. निकष घरीच लिहून ठेवावेत. ताप असेल, छातीत दुखत असेल किंवा लघवी गडद तपकिरी होत असेल, तर त्या दिवशी सायकलवर बसू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. पडल्यानंतर डोके आपटले असेल, मळमळ, भोवळ किंवा गोंधळल्यासारखे वाटत असेल, तर शर्यत तेथेच संपली असे समजावे, मग लक्षणे तासाभरात ओसरली तरीही. हेल्मेटवर तडा दिसत नसला तरी आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये, आणि सायकलची फ्रेम, फोर्क आणि हँडलबार जाणकाराने तपासल्याखेरीज ती उतारावर नेऊ नये.