वहीतल्या कृतीवरून शंभरेक नानकटाया घरी भाजताना

जुन्या घरगुती वह्यांमध्ये नानकटाईची कृती बहुधा चार ओळींत संपते: अर्धा शेर मैदा, पावशेर तूप, त्याहून किंचित कमी पिठीसाखर, वेलची, आणि शेवटी ‘भट्टीतून भाजून आणावी’. घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा दिवाळीआधी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत तूप, साखर, मैदा डब्यांत भरून जवळच्या बेकरीत नेण्याची पद्धत महाराष्ट्रातील अनेक गावांत होती. बेकरीवाला मजुरी घेऊन नानकटाया पत्र्यांवर लावून भाजून देत असे. आच किती आणि वेळ किती, हे त्यालाच ठाऊक असल्यामुळे वहीत त्याचा उल्लेख सापडत नाही. ती कृती आज घरच्या ओव्हनमध्ये मोठ्या प्रमाणात करायची तर वहीने गृहीत धरलेल्या या गोष्टी आपल्याला ठरवाव्या लागतात, आणि त्यांत तुपाची अवस्था सर्वांत महत्त्वाची आहे, असे माझे ठाम मत आहे.

पहिले काम मापांचे. दशमान वजने आपल्याकडे 1958 पासून टप्प्याटप्प्याने आली, त्यामुळे त्याआधीच्या, आणि सवयीने त्यानंतरच्याही, वह्यांत शेर, पावशेर, छटाक असतात. ऐंशी तोळ्यांचा वजनी शेर म्हणजे सुमारे 933 ग्रॅम, पावशेर म्हणजे सुमारे 233 ग्रॅम आणि छटाक म्हणजे सुमारे 58 ग्रॅम. मात्र धान्य आणि पीठ मोजण्याचा मापी शेर वेगळा होता, आणि वहीत कोणता शेर अभिप्रेत आहे हे क्वचितच लिहिलेले असते. म्हणून आकड्यांपेक्षा प्रमाण तपासावे. सर्व कोरडी पिठे मिळून वजनाने तुपाच्या सुमारे दुप्पट भरली, तर आपण योग्य शेर धरला आहे. प्रमाण याहून फार वेगळे आले, तर पिठाचा शेर मापी असण्याची शक्यता आहे. कृती वाट्यांत असेल तर घरातील तीच वाटी घेऊन मैदा, साखर आणि तूप प्रत्येकी तीनदा भरून वजन करावे व सरासरी धरावी, कारण मैदा सैल भरला की दाबून भरला यावर एका वाटीत चांगलाच फरक पडतो आणि दहा वाट्यांत तो फरक दहापट होतो.

साधारण पंच्याण्णव नानकटायांसाठी मी 750 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम बेसन, 100 ग्रॅम बारीक रवा, 500 ग्रॅम साजूक तूप आणि 450 ग्रॅम पिठीसाखर घेते. त्यात दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, अर्धा चमचा मीठ, दोन चमचे वेलचीपूड आणि अर्धा चमचा जायफळपूड. सोड्याच्या बाबतीत हात आखडताच ठेवावा; तो जास्त झाला की नानकटाई पसरते आणि तिला साबणासारखी चव येते. बेसन मंद आचेवर तीन-चार मिनिटे कोरडेच परतून पूर्ण गार करावे, म्हणजे कच्चा वास राहत नाही. साखर घरी दळून चाळून घ्यावी. दाणेदार साखर पूर्ण विरघळत नाही आणि भाजताना पसरट, खडबडीत नानकटाई होते. दोन किलो पीठ लागणार असेल तरी एकदम न भिजवता असे दोन घाणे करावेत, कारण एवढे तूप एका वेळी नीट फेसले जात नाही.

आता तूप. लोण्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असते; कढवून केलेल्या साजूक तुपात ते जवळजवळ नसते, आणि पाणी नसल्यामुळेच मैद्याला चिवटपणा येत नाही व नानकटाई खुसखुशीत होते. त्यामुळे तुपाऐवजी तेवढेच लोणी घालू नये. तूप ताजे, कणीदार आणि मऊ घट्ट हवे: बोट सहज रुतावे, पण तूप बोटावरून ओघळू नये. मुंबईत किंवा कोकणात मे महिन्यात ते आपोआप वितळलेले असते. अशा वेळी परात गार पाण्याच्या पातेल्यावर ठेवावी किंवा तूप थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून मधूनमधून ढवळावे. नाशिक-नागपूरच्या थंडीत ते दगडासारखे असते, तेव्हा फक्त स्वयंपाकघराच्या उबेत ठेवून मऊ होऊ द्यावे. गॅसवर वितळवून पुन्हा गोठवण्याची घाई करू नये.

तुपात साखर दोन-तीन वेळा विभागून घालावी आणि तळहाताने परातीत फेसावे. हाताने वीस मिनिटे तरी लागतात. विजेच्या फेटणीने सात-आठ मिनिटांत काम होते. मिश्रण पांढरे शुभ्र आणि हलके दिसू लागले की त्याची छोटीशी गोळी वाटीभर गार पाण्यात टाकावी. ती तरंगली तर फेसणे पुरे झाले. ही आजीच्या काळची खूण अगदी शास्त्रशुद्ध आहे: तूप पाण्यापेक्षा हलके असले तरी साखर बरीच जड असते, आणि या प्रमाणात दोघांचे मिश्रण पाण्यात बुडायलाच हवे, त्यात पुरेशी हवा कोंडली गेली असेल तरच ते वर येते. हीच हवा पुढे ओव्हनमध्ये फुगून नानकटाईला पोकळपणा देते. फेसता फेसता हाताच्या उष्णतेने मिश्रण ओलसर, चकचकीत होऊ लागले तर थांबावे, दहा मिनिटे गार करावे आणि मग पुन्हा फेसावे.

मैदा, बेसन, बेकिंग पावडर, सोडा, मीठ एकत्र दोनदा चाळून घ्यावे, त्यात रवा आणि मसाला मिसळून ते फेसलेल्या तुपात थोडे थोडे घालावे. येथे मळायचे नाही. बोटांनी फक्त गोळा करायचे. पाणी किंवा दूध मुळीच घालू नये. गोळा झाकून अर्धा तास ठेवला की रवा तूप शोषून घेतो.

त्यानंतर तीनच नानकटाया भाजून पाहाव्यात. पूर्ण घाणा बिघडण्यापासून वाचवणारा यापेक्षा चांगला उपाय नाही. त्या सपाट पसरल्या तर गोळा गार करावा, आणि तरीही पसरल्या तर दोन मोठे चमचे मैदा वाढवावा. भाजण्याआधीच वळताना भुगा होत असेल तर एखादा चमचा तूप घालावे. वरच्या बाजूला बारीक भेगा पडणे मात्र दोष नव्हे.

वीस-वीस ग्रॅमचे गोळे वजन करून वळावेत, कारण लहानमोठे गोळे एकाच पत्र्यावर एकसारखे भाजले जात नाहीत. किंचित चपटे करून वर पिस्त्याचा किंवा बदामाचा काप दाबावा. तीस सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेमध्ये सोळा बसतात. दोन गोळ्यांत दोन बोटे अंतर हवे.

लाकडाच्या भट्टीत आधी पाव निघत आणि आच उतरू लागली की बिस्किटे लागत. घरी तेच साधण्यासाठी ओव्हन 180 अंश सेल्सियसला दहा मिनिटे तापवावा, ट्रे मधल्या खणात ठेवताच 165 अंशांवर आणावा, आणि सोळा ते अठरा मिनिटे भाजावे. दहाव्या मिनिटाला ट्रेची बाजू बदलावी, कारण लहान ओव्हनमध्ये मागची बाजू अधिक तापते. कडा आणि तळ फिकट बदामी झाले की काढावे. वरचा भाग रंगेपर्यंत थांबल्यास तळ करपतो. दोन ट्रे आलटून पालटून वापरावेत आणि गरम ट्रेवर कच्चे गोळे कधीही ठेवू नयेत, कारण तूप ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळते. उरलेले गोळे तोवर फ्रिजमध्ये ठेवावेत.

ओव्हनमधून काढलेली नानकटाई मऊ असते आणि उचलली की मोडते. ती दहा मिनिटे ट्रेवरच राहू द्यावी, नंतर जाळीवर पूर्ण गार करावी आणि मगच घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून भरावी. कोमट असताना डबा लावला तर वाफ धरून ती सादळते. अशी नानकटाई दोन-तीन आठवडे चांगली राहते. पाहुण्यांसाठी काढायची नानकटाई वेगळ्या लहान डब्यात ठेवावी, म्हणजे मोठा डबा वारंवार उघडावा लागत नाही.