दीर्घ खंडानंतर ट्रायथलॉनच्या स्पर्धेत परतताना

काही वर्षांच्या खंडानंतर ट्रायथलॉनकडे, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे सलग करण्याच्या शर्यतीकडे, वळणाऱ्याला बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: शरीर काही विसरत नाही, सराव सुरू करा, सगळे आपोआप परत येईल. हा सल्ला अर्धाच खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्यामुळे मी अनेकांना जायबंदी होताना पाहिले आहे. मी स्वतः तीन वेळा हा खेळ सोडला आणि तीन वेळा परतलो. पहिल्या वेळी केलेली चूक इतरांनी करू नये, एवढ्यासाठी हा क्रम सविस्तर मांडत आहे.

प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, विशेषतः चाळिशी ओलांडली असेल तर हृदयाची. या खेळातील आकस्मिक मृत्यू प्रामुख्याने पोहण्याच्या टप्प्यात झालेले आहेत, त्यामुळे ही पायरी कोणीही गाळू नये. सायकलचे टायर, ब्रेकच्या तारा आणि हेल्मेट तपासावे. धावण्याचे जुने बूट वरून कितीही चांगले दिसले, तरी त्यांचा तळ कडक झालेला असतो, म्हणून ते बदलावेत.

त्यानंतर स्पर्धा निवडावी. पूर्वी कोणी 3.8 किलोमीटर पोहणे, 180 किलोमीटर सायकल आणि 42.2 किलोमीटर धावणे पूर्ण केले असले, तरी परतीची पहिली स्पर्धा 750 मीटर, 20 किलोमीटर आणि 5 किलोमीटर अशा स्प्रिंट अंतराचीच असावी आणि ती किमान 24 आठवडे दूर असावी. नाव नोंदवताना हेही लक्षात घ्यावे की वयोगट साधारणपणे त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला पूर्ण होणाऱ्या वयावरून ठरतो. खंडाच्या काळात तुमचा गट बदललेला असू शकतो.

पोहण्यात पहिले सहा आठवडे केवळ तंत्रावर द्यावेत आणि घड्याळ बाजूला ठेवावे. सायकलसाठी जुने वॉटचे (पायडलवरच्या जोराचे) आणि हृदयगतीचे आकडे सरळ पुसून टाकावेत. सहा आठवडे सहज गतीने सायकल चालवल्यावर वीस मिनिटे जमेल तितक्या जोराने सायकल चालवण्याची चाचणी द्यावी आणि त्यावरून नवे आकडे ठरवावेत. या दोन्ही प्रकारांत प्रगती लवकर दिसते, आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो.

खंडाच्या पहिल्या काही आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते, परंतु सराव सुरू होताच ते एक-दोन आठवड्यांत भरून येते. त्यामुळे दम लागणे झपाट्याने कमी होते. स्नायूही तुलनेने लवकर सावरतात. कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागांना, मात्र रक्तपुरवठा कमी असतो आणि त्यांना बळकट होण्यास महिने लागतात. हाडाची गोष्ट आणखी नाजूक असते. नवा भार पडला की हाडाचा जुना भाग आधी झिजवला जातो आणि नवा नंतर भरला जातो, म्हणून मधल्या काही आठवड्यांत ते हाड उलट कमकुवत असते. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट जोर जमिनीकडून परत येतो. पाण्यात किंवा सायकलच्या सीटवर असा आघात मुळीच नसतो. केवळ धावणारा माणूस परततो तेव्हा त्याचा दम आणि त्याचे पाय बरोबरीने कच्चे असतात, त्यामुळे दम त्याला वेळीच थांबवतो. ट्रायथलॉन करणाऱ्याचा दम पोहण्याने आणि सायकलने आधीच तयार झालेला असतो आणि त्याला थांबवणारे कोणीच उरत नाही.

माझ्या बाबतीत नेमके हेच घडले. सहाव्या आठवड्यात छान वाटले म्हणून मी जवळजवळ जुन्याच गतीने दहा किलोमीटर धावलो, आणि धावताना काहीही दुखले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरल्यावर दारापर्यंत मला भिंतीचा आधार घेत जावे लागले आणि जिना एका बाजूला वळून एकेक पायरी उतरावा लागला. टाचेच्या मागची शीर, म्हणजे अकिलीस कंडरा, दोन बोटांच्या चिमटीत धरली तेव्हा ती दुसऱ्या पायापेक्षा स्पष्टपणे जाड लागत होती. मग मला पूर्ण विश्रांतीचा सल्ला मिळाला आणि मी तो पाळला, ही दुसरी चूक झाली. भार पूर्ण काढून घेतलेली कंडरा आणखी दुबळी होते. अखेर टाचा सावकाश उचलण्याच्या आणि त्याहून सावकाश खाली आणण्याच्या व्यायामानेच सुधारणा झाली, परंतु पुन्हा धावेपर्यंत पाच महिने गेले.

म्हणून माझा आग्रह असा आहे की पहिले दोन आठवडे धावूच नये. चाळीस मिनिटे भरभर चालावे आणि दिवसाआड टाचा उचलण्याचा व्यायाम करावा, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही, कारण पोटरीच्या आतल्या स्नायूवर गुडघा वाकवल्यावरच पुरेसा ताण येतो. गुडघा सरळ ठेवून, एका पायावर सलग पंचवीस वेळा टाच पूर्ण उचलता आली, तरच पुढे जावे. मग एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे अशा दहा फेऱ्या, आठवड्यातून तीनदा, दोन आठवडे कराव्यात. पुढे दोन मिनिटे धावून एक मिनिट चालणे, नंतर चारास एक आणि शेवटी नवास एक असे प्रमाण ठेवून प्रत्येक टप्प्याला दोन आठवडे द्यावेत. अशा रीतीने अकराव्या आठवड्यात सलग तीस मिनिटे धावता येते. तोवर लागोपाठ दोन दिवस धावू नये आणि वेग वाढवू नये.

दर आठवड्याला दहा टक्के वाढ हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम इथे उपयोगी नाही, कारण शून्याचे दहा टक्के शून्यच असतात आणि त्यात वेगाचा विचारही नाही. त्याऐवजी धावल्यानंतरच्या सकाळची पहिली दहा पावले पाहावीत. टाच आदल्या सकाळपेक्षा अधिक आखडलेली वाटली, तर मागच्या टप्प्यावर परतावे. नडगीच्या हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच जागी दुखत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जावे, तिथे प्रयोग करू नयेत.

सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा सराव, ज्याला ब्रिक म्हणतात, चौदाव्या आठवड्याच्या आधी नको. दमलेल्या पोटरीचा भार कंडरेवर जातो, म्हणून सुरुवातीला सायकलनंतर दहा मिनिटांचे धावणे पुरे. शेवटच्या सहा आठवड्यांत खुल्या पाण्यात, सोबतीला कोणीतरी ठेवून, किमान चार वेळा पोहावे. ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्या प्रकाराकडे वळण्याच्या जागी, हेल्मेटचा पट्टा लावल्याखेरीज सायकलला हात लावू नये, हा नियम अंगवळणी पाडावा.

स्पर्धेत धावण्याचा पहिला किलोमीटर ठरवून सावकाश काढावा, कारण सायकलनंतर गतीचा अंदाज हमखास चुकतो आणि पाय वाटतात त्यापेक्षा वेगाने पडत असतात. पुढच्या स्पर्धेचा अर्ज त्याच संध्याकाळी उत्साहात भरू नये. दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरून दहा पावले चालावे, दोन्ही टाचा चिमटीत धरून पाहाव्यात आणि मगच अंतर ठरवावे.