आत्याबाईंचा विसर: घरी काय करायचं, गल्लीला काय सांगायचं

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, रानात कोपीपुढं भज्जी-आंबिलाचा निवद दाखवून झाला होता. 40 वर्षं स्वतःच्या हातानं भज्जी करणाऱ्या आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला हळूच विचारलं, "हे कुणाचं रान आहे गं?" मी हसण्यावारी नेलं. तुम्ही नेऊ नका.

चष्मा कुठं ठेवला हे कुणीही विसरतं. पण स्वतःचं रान, रोजची वाट, हातात बसलेलं काम विसरायला लागलं की एक वही घाला. तारीख, वेळ, काय झालं, एवढंच लिहा. डॉक्टरपुढं आपल्या तोंडून "जरा विसरतात" एवढंच निघतं, आणि आत्याबाई तर तिथं अगदी नीट बोलायच्या. वही होती म्हणून खरं समजलं.

पहिल्या डॉक्टरांनी "वय झालं" म्हणून परत पाठवलं होतं. 2019 साली अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल या संस्थेनं 155 देशांत मतं विचारली, तेव्हा आरोग्यसेवेतल्याही सुमारे 62 टक्के लोकांनी स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारपणच, असं सांगितलं होतं. तेव्हा तिथं थांबू नका. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. बी-12 आणि थायरॉइड तपासायचं का, हे आपणहून विचारा. त्यांच्या कमतरतेनं आलेला विसर औषधानं सुधारू शकतो. आत्याबाईंचा तसा नव्हता, अल्झायमर निघाला, म्हणजे स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार.

सगळ्यात जड गेलं ते बोरमाळेचं. "तूच घेतलीस," असं त्या पाहुण्यांदेखत म्हणाल्या. लग्नाला 22 वर्षं झालेली, मी मोरीत जाऊन रडले. पहिले काही महिने "मी नाही घेतली" म्हणून भांडायचे, त्यानं त्या जास्तच बिथरायच्या. मग एक दिवस म्हटलं, "सापडंना व्हय? चला, दोघी मिळून बघू." ज्वारीच्या कोठीत हात घातला, तर जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली माळ खाली दडवलेली. आता काही हरवलं की आधी कोठी, मग उशीची खोळ. वाद घालू नका, सोबत शोधा. आळ आजार घेतो, माणूस नाही.

आता गल्ली. लोक म्हातारचळ म्हणतात, कुणी बाहेरचं म्हणतं, उतारा सुचवतं. लपवलं की हे वाढतं. जावेनं विचारलं, "आपल्याच घरात कसं?" मी सांगितलं, 2021 मध्ये जगात 5 कोटी 70 लाख माणसांना स्मृतिभ्रंश होता. आपल्या देशात साठीपुढच्या शंभरांत सात जणांना आहे. म्हणजे आपल्या गल्लीतही आणखी कुणी असेल, दाराआड.

किराणावाले, रिक्षावाले, मंदिरातले काका, सगळ्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं: "मेंदूचा आजार आहे, वेड नाही. एकट्या दिसल्या तर 'कुठं निघालात, घर कुठंय' असं विचारू नका, त्या घाबरतात. 'या, चहा घ्या' म्हणा आणि मला फोन लावा." नंबर चोळीच्या आतून कापडावर लिहून शिवलाय. पिशवीत ठेवलेला नंबर पिशवीसकट राहतो.

मागच्या मंगळवारी दुपारी किराणावाल्यांचा फोन आला. "काकू, आत्याबाई इथं आल्यात. मी सुपात शेंगदाणे दिलेत, निवडत बसल्यात. सावकाश या."