'नुसतं मिसडिमीनर आहे रे': अमेरिकेत राहताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत हे वाक्य हमखास कानावर येतं: "फेलनी नाही ना? मग दंड भर आणि मोकळा हो." सगळा घोळ त्या 'नुसतं'मध्ये आहे.

फरक सांगायला सोपा आहे. फेडरल कायद्यात ज्या गुन्ह्याला एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकते तो फेलनी, त्याखालचा मिसडिमीनर. बहुतेक राज्यांची रेघही तिथेच आहे. न्यू जर्सीत मात्र हे शब्दच नाहीत. तिथे २०० डॉलरच्या आतली दुकानचोरी 'डिसऑर्डर्ली पर्सन्स ऑफेन्स' म्हणून नोंदली जाते. नाव ऐकून वाटतं की कुणी रस्त्यात आरडाओरडा केला असेल, पण तिला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आपल्याकडच्या 'एनसी'शी याची तुलना करू नका. अदखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. मिसडिमीनरमध्ये बेड्या पडू शकतात, बोटांचे ठसे घेतले जाऊ शकतात आणि ते ठसे पोलिसांच्या नोंदीत राहतात.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. ओळखीतला एक एमएसचा विद्यार्थी सेल्फ-चेकआउटवर दोन वस्तू स्कॅन न करताच निघाला. चाळीस डॉलरचाही माल नव्हता. दारात अडवलं, पोलीस आले, हातात समन्स पडलं. त्याचा बेत काय, तर वकिलावर पैसे कशाला घालवायचे, जाऊन 'गिल्टी' म्हणायचं, दंड भरायचा आणि संध्याकाळची लॅब गाठायची. रूममेटने अक्षरशः दंडाला धरून वकिलाकडे नेलं, म्हणून बचावला.

कारण इमिग्रेशनचा कायदा राज्याने लावलेलं लेबल बघून थांबत नाही. चोरी हा त्याच्या लेखी नैतिक अधःपतनाचा गुन्हा. देशात प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत असा एक गुन्हा केला आणि त्याला एक वर्ष किंवा जास्त शिक्षा 'होऊ शकत' असेल, तर दोषी ठरल्यावर हद्दपारीची कारवाई होऊ शकते. प्रत्यक्षात एक दिवसही तुरुंगात काढला नसला तरी. म्हणूनच कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कने मिसडिमीनरची कमाल शिक्षा ३६५वरून ३६४ दिवसांवर आणली. एका दिवसाचा फरक, पण कुणाचं अख्खं बिऱ्हाड त्यावर टिकतं.

गुन्हा कबूल करण्याचा इमिग्रेशनवर काय परिणाम होईल, हे वकिलाने अशिलाला सांगायलाच हवं, असं २०१० साली सुप्रीम कोर्टाने पडिला खटल्यात ठरवलं. पण वकीलच केला नाही, तर सांगणार कोण?

दुसरा गैरसमज एक्स्पंजमेंटचा. राज्याने रेकॉर्ड पुसलं म्हणजे नोकरीसाठी बराच फायदा होतो, हे खरं. पण गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने काहीतरी शिक्षा किंवा बंधन घातलं, की इमिग्रेशनच्या दृष्टीने ते 'कन्व्हिक्शन'च. पुढे पुसलं तरी ते सहसा सुटत नाही. व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म तर अटकेबद्दलही विचारतो, माफी मिळाली असली तरी. तिथे 'नाही' लिहिलंत तर मूळ गुन्हा बाजूला राहतो आणि खोटं बोलल्याचं प्रकरण उभं राहतं.

दारू पिऊन गाडी चालवणं न्यू जर्सीत वाहतूक नियमभंगात मोडतं, गुन्ह्यात नाही. तरी नुसत्या अटकेवर व्हिसा रद्द झाल्याचा ईमेल येऊ शकतो. अमेरिकेतला स्टेटस, म्हणजे तिथे राहण्याची कायदेशीर परवानगी, तेवढ्याने जात नाही. पण भारतात गेलात की नवा व्हिसा, आणि त्यासाठी बहुधा डॉक्टरी तपासणी.

नोकरीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये दोषी न ठरलेली अटक साधारण सात वर्षांनी गळते (वर्षाला ७५,००० डॉलर किंवा जास्त पगाराच्या नोकरीला ही सूट नाही). दोषसिद्धीला फेडरल कायद्यात अशी मुदतच नाही.

आणि केस संपली, निर्दोष सुटलात तरी, कोर्टाच्या क्लर्ककडून निकालाची शिक्क्यासह प्रत त्याच आठवड्यात घ्या. दोन-तीन घ्या. दहा वर्षांनी नागरिकत्वाच्या मुलाखतीत तोच कागद मागतात, आणि तोवर जुन्या फायली कोर्टाने नष्ट केलेल्या असू शकतात.