दोन हेल्मच्या बोटीवरील इग्निशनचे वायरिंग : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

बोटींच्या विद्युत कामात नव्याने आलेल्या माणसासमोर दोन हेल्मची, म्हणजे जिथून बोट चालवता येते अशा दोन जागा असलेली बोट आली, की त्याच्या मनात बहुधा एकच आकृती उभी राहते: खालच्या केबिनमध्ये आहे तसाच किल्लीचा स्विच वर फ्लायब्रिजवर, म्हणजे केबिनच्या छतावरच्या उघड्या हेल्मवर बसवायचा आणि दोन्ही स्विचांची टर्मिनल्स समांतर जोडायची. कागदावर ही जोडणी निर्दोष दिसते आणि इंजिन दोन्ही ठिकाणांहून सुरूही होते. अडचण येते ती इंजिन बंद करताना. म्हणून माझ्याबरोबर शिकणाऱ्यांना मी तारेला हात लावण्याआधी एवढेच विचारतो, की हे इंजिन नेमके कशामुळे थांबते?

याचे उत्तर प्रत्येक इंजिनाला वेगळे आहे. ठिणगी निर्माण करणाऱ्या कॉइलला बॅटरीवरून वीज घेणारे पेट्रोल इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेले) इंजिन वीज तुटली की थांबते. त्यामुळे दोन स्विच समांतर असतील, तर वरची किल्ली बंद करूनही खालच्या किल्लीतून वीज जात राहते आणि इंजिन चालूच राहते. मॅग्नेटो पद्धतीच्या, म्हणजे ठिणगीसाठीची वीज स्वतःच निर्माण करणाऱ्या आउटबोर्डमध्ये (बोटीबाहेर मागे लावलेल्या इंजिनात) नेमके उलटे घडते. तेथे ‘बंद’ स्थितीतला स्विच इग्निशनची तार निगेटिव्हला जोडून ठिणगी मारतो, म्हणून दोन स्विच समांतर असताना त्यांपैकी एकही बंद असला तर इंजिन सुरूच होत नाही. डिझेल इंजिनांत पुन्हा दोन प्रकार आहेत. काहींच्या सोलेनॉइडला (विजेवर हलणाऱ्या चुंबकी खटक्याला) वीज मिळत असेपर्यंतच इंधन चालू राहते, तर काहींच्या सोलेनॉइडला वीज दिली की इंधन तुटते. इंजिनाच्या पुस्तिकेतून किंवा मल्टिमीटर लावून हे पक्के केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मला सर्वांत विश्वासार्ह वाटणारी रचना अशी आहे. किल्लीचा स्विच एकच, तोही खालच्या, पावसापासून सुरक्षित हेल्मवर ठेवावा. वर फक्त स्टार्टचे आणि स्टॉपचे अशी दोन जलरोधक बटणे द्यावीत. वरच्या स्टार्ट बटणाचा पुरवठा थेट बॅटरीवरून न घेता किल्लीच्या ‘रन’ टर्मिनलनंतर, स्वतंत्र फ्यूजमधून घ्यावा, म्हणजे किल्ली चालू असल्याशिवाय वरून कोणी इंजिन फिरवू शकणार नाही. स्टॉप बटणाची जोडणी मात्र इंजिनाच्या प्रकाराप्रमाणे बदलते. वीज मिळाल्यावर थांबणाऱ्या डिझेलमध्ये दोन्ही हेल्मची स्टॉप बटणे समांतर जोडतात. वीज तुटल्यावर थांबणाऱ्या इंजिनात वरचे बटण एरवी जोडलेले राहणारे असते आणि ते एकसर जोडणीत येते. या दुसऱ्या प्रकारात बटण इंजिन पूर्ण थांबेपर्यंत दाबून धरण्याची सूचना हेल्मवर लिहून ठेवावी, कारण ते लवकर सोडले तर फिरत्या इंजिनाला पुन्हा इंधन किंवा ठिणगी मिळू शकते.

खारट हवेत गंजलेला संपर्क या दोन प्रकारांत वेगवेगळा धोका निर्माण करतो. एकसर जोडणीत तो चालू इंजिन भर समुद्रात बंद पाडतो. समांतर जोडणीत तो गरजेच्या वेळी इंजिन थांबू देत नाही. म्हणून समांतर जोडणी असलेल्या बोटीवर इंजिनाजवळची हाताने ओढायची स्टॉप तार चालू स्थितीत आहे की नाही, हे मी स्वतः पाहतो. वरून इंजिन थांबवल्यावर खाली जाऊन किल्ली बंद करण्याची सवयही मालकाला लावावी लागते, कारण जुन्या पद्धतीच्या पेट्रोल इंजिनात किल्ली चालू राहिली तर कॉइल तापून जळू शकते.

लांबीचा हिशेब नवशिक्यांकडून हमखास सुटतो. इंजिनापासून फ्लायब्रिजपर्यंत एका बाजूची तार 10 मीटर असेल, तर जाऊन-येऊन ती 20 मीटर होते. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत तिचा रोध साधारण 0.14 ओहम भरतो, आणि स्टार्टरच्या सोलेनॉइडने 8 अँपिअर घेतले तर 1.1 व्होल्ट वाटेतच खर्च होतात. बॅटरी थोडी उतरलेली असताना तेवढ्यानेच सोलेनॉइड नुसता टकटक करतो. यावर जाड तार ओढण्यापेक्षा इंजिनाजवळ रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच बसवणे चांगले. मग वरच्या तारांतून रिलेच्या कॉइलपुरता अँपिअरचा लहानसा अंशच वाहतो. पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यात असा रिले बसवायचा असेल, तर तो बाष्पाला आग लागू न देणाऱ्या, प्रमाणित प्रकारचाच हवा. याबाबत तडजोड करू नये.

गिअरचा न्यूट्रल स्विच दोन्ही स्टार्ट तारा एकत्र आल्यानंतरच्या सामाईक तारेत घालावा. केवळ खालच्या तारेत घातला तर वरून गिअरमध्ये असलेले इंजिन सुरू होते. फ्लायब्रिजवर इंजिनाचा आवाज कमी पोहोचत असल्याने चालू इंजिनावर पुन्हा स्टार्ट दाबले जाते आणि स्टार्टरचे दाते घासतात. त्यासाठी वर ऑइल प्रेशरचे आणि चार्जिंगचे दिवे द्यावेत. तेथे काट्यांचे मीटर हवे असतील, तर सेंडर (इंजिनावरून मीटरला माप पाठवणारा भाग) दोन हेल्मसाठी बनवलेला घ्यावा. साध्या सेंडरवर दोन मीटर जोडले की दोन्ही चुकीचे दाखवतात.

तारा टिनचा मुलामा असलेल्या, अनेक पेडी आणि दोन्ही टोकांना खुणा केलेल्या असाव्यात. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-11 मानकात इग्निशनला जांभळा आणि स्टार्टरच्या तारेला लाल पट्ट्यांचा पिवळा रंग सुचवला आहे. तो पाळला की पुढे काम करणाऱ्याचा वेळ वाचतो. बोट सोपवण्याआधी बोट पक्की बांधून प्रत्येक हेल्मवरून सुरू करून दुसऱ्यावरून बंद करावी, गिअर टाकलेला असताना दोन्हीकडून स्टार्ट दाबून इंजिन फिरत नाही ना हे पाहावे आणि वरचा फ्यूज काढून खालचे नियंत्रण शाबूत राहते का ते तपासावे. एकसर जोडणीच्या बोटीवर शेवटी वरच्या स्टॉप बटणाची तार मुद्दाम सोडवून इंजिन बंद पडते हे मालकाला दाखवावे, आणि अशा वेळी बटणाला वळसा घालून खालूनच इंजिन चालू ठेवणारा, खुणा केलेला आणीबाणीचा स्विच कोठे आहे हे त्याच्या हाताने वापरून घ्यावे.