पिल्लू आणलं ना, आता त्याला सूर्यफुलाच्या बाहेर काढा

दिवाळीपासून गावातले पाच-सहा जण तरी एकच प्रश्न घेऊन घरी येऊन गेले, की भाऊ पोपटाचं पिल्लू आणलं पण ते नुसतं सूर्यफूलच खाऊन राहिलं, बाकी काही टाकलं तं पाह्यत पण नाही, काय करू. प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

पहिले हे पाहा की तुमचा पोपट कोणता. मी सांगून राहिलो ते बजी (ज्याला आपल्याकडे सगळे लव्हबर्डच म्हणतात), कॉकटेल, खरे लव्हबर्ड, फार तर कोन्युर, यांच्याबद्दल. आपला लाल चोचीचा हिरवा राघू यात येत नाही. त्याला पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आबाजीच्या काळात घरोघरी मिठ्ठू होता हे खरं पण आता ढोलीतून पिल्लू काढून आणू नका. वादळात पडलेलं सापडलं तर वनविभागाला १९२६ वर फोन लावा, नागपूरकडचे असाल तर सेमिनरी हिल्सला ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. आणि सन कोन्युर घेतला असेल तर २०२४ च्या नियमानं परिवेश पोर्टलवर (केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची वेबसाइट) त्याची नोंदणी करावी लागते, ती करून टाका.

आता माझी चूक ऐका. माझा पहिला कॉकटेल तीन वर्षात गेला, जो पक्षी नीट ठेवला तर पंधरा वर्षं सहज जगतो. विकणाऱ्यानं सांगितलं होतं सूर्यफूल आणि पाणी, बस, आणि मी पण शहाणा, तेच केलं. शेवटी डॉक्टरनं पोटावरची पिसं फुंकर मारून बाजूला केली तं कातडीखाली पिवळी चरबी दिसली. सूर्यफुलाच्या मगजात निम्म्याच्या आसपास तेलच असतं, कॅल्शियम नावापुरतं आणि व्हिटॅमिन ए तर नाहीच म्हटलं तरी चालेल. नुसत्या दाण्यावर ठेवलेल्या पोपटाला शिंका येतात, नाक वाहतं, तोंडात पांढरे चट्टे येतात, ते बहुतेक वेळा याच व्हिटॅमिनच्या कमीनं. आणि मोठा झाल्यावर सवय मोडायला महिने जातात, माझ्या दुसऱ्या कॉकटेलला गाजर खायला लावायला चार महिने लागले होते, तेच पिल्लू असताना आठवड्यात शिकतं. म्हणून जे काय खाऊ घालायचं ते हातातलं खाणं सुटल्याबरोबर, पहिल्या दोन-तीन महिन्यातच सगळं समोर यायला पाहिजे.

हातातलं खाणं सुटलं म्हणजे काय तेही सांगतो, कारण लोक फार लहान पिल्लू उचलून आणतात, स्वस्त मिळते म्हणून. बजी साधारण सहा आठवड्यात स्वतःच्या चोचीनं पूर्ण खायला लागतो, लव्हबर्डला सहा ते आठ, कॉकटेल आणि कोन्युरला आठ-दहा आठवडे लागतात. त्याच्या आत आणलं तर हॅन्ड फीडिंग फॉर्म्युला (पाण्यात कालवून पिल्लाला भरवायची तयार पावडर) लागेल आणि तो ३९ ते ४१ डिग्री गरम पाहिजे, अंदाजानं बोट बुडवून नाही, थर्मामीटरनं. जास्त गरम झाला तर गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून भाजते, थंड झाला तर तिथंच साचून सडतो. गाईचं दूध, बिस्कीट भिजवून वगैरे अजिबात नाही, पक्ष्याला दूध पचत नाही. खरं सांगू का, पहिल्यांदाच पाळत असाल तर स्वतः खाणारंच पिल्लू घ्या. घरी आणल्यावर रोज सकाळी खाण्याच्या आधी किचनच्या काट्यावर वजन करा (एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पाहिजे) आणि कॅलेंडरवर लिहा. हातातलं सुटताना थोडं वजन उतरतं ते चालते, पण रोज उतरतच राहिलं तर त्याला अजून हातानं भरवायची गरज आहे.

दाण्याचं आता. बजीला राळा (दुकानात कांगणी म्हणून मागा), बाजरी, बारीक जवारी, भगर हे मिक्स करून दिवसाला एक ते दीड चहाचा चमचा पुरते, कॉकटेलला साधारण दुप्पट, आणि सूर्यफूल म्हणजे बक्षीस, दिवसाला चार-पाच दाणे तेही हातातून. पेलेट (पक्ष्याच्या तयार खाण्याच्या गोळ्या) मिळत असतील तर चांगलंच, त्यात सगळं मोजून टाकलेलं असते, पण आपल्या इकडं तालुक्याला मिळत नाहीत, ऑनलाइन मागवा नाहीतर कोणी नागपूरला चाललं असेल त्याला सांगा. नाही मिळाले तरी अडत नाही, भाजी रोज जायला पाहिजे एवढंच. एक फार महत्त्वाचं, पेरणीचं उरलेलं बियाणं पोपटाला कधीच टाकू नका. ते गुलाबी-लाल-निळं रंगवलेलं दिसते ना, ते बुरशीनाशक आहे, धुऊन जात नाही. एका घरी बजीला पिशवीतली उरलेली जवारी टाकताना मी स्वतः हात धरला आहे.

मोड आलेलं धान्य हे पिल्लासाठी सगळ्यात भारी आणि सगळ्यात स्वस्त. मूग, मटकी, हरभरा, जवारी रात्री भिजवा, सकाळी दोन पाण्यानं धुवा, फडक्यात बांधून ठेवा, दिवसातून दोन-तीन वेळा परत धुवा, छोटीशी शेपटी फुटली की झालं. वास आला, चिकट लागलं की फेका, मनात शंका आली तरी फेका. कच्चं सोयाबीन नाही, राजमा नाही, वाल नाही, लाखोळी (लाखेची डाळ) तर आमच्याकडं पिंजऱ्याच्या जवळपास पण येत नाही.

हिरवं आणि केशरी, हे दोन रंग रोज. शेवग्याचा पाला (कुंपणाला उभाच असतो, कोणी विचारत नाही), सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, मेथी, चवळीचा पाला, आणि केशरीमध्ये गाजर किसून, कोहळं म्हणजे लाल भोपळा वाफवून, पपई. पालक पण चालतो पण रोज नको, तो कॅल्शियम अडवून धरतो. मिरची बिनधास्त द्या, हिरवी असो का वाळलेली भिवापुरी, पक्ष्याच्या जिभेला तिखट लागतच नाही, आमचा कॉकटेल मिरचीचं बी असं खाते की पाहणाऱ्याच्याच डोळ्यात पाणी यावं. फळ म्हणजे जांब (पेरू), बोर, डाळिंबाचे दाणे, संत्र्याची एखादी फोड, तेही थोडंच, साखरच ती. सफरचंदाचं बी आणि बोराची-आंब्याची गुठळी काढून टाका.

हिवाळा म्हणजे यांची मजा असते. पुस-माघात जवारीचं हुरड्यातलं कोवळं कणीस आख्खंच पिंजऱ्याला लटकवा, अर्धा तास कोणाचाच आवाज येणार नाही. तुरीचे सोले, हरभऱ्याचे सोले, मटाराच्या शेंगा, हे वाफवून किंवा तसेच मऊ असतील तर तसेच. मी तर वावरातून येताना गवताची हिरवी कणसं पण घेऊन येतो. पण फवारा मारलेल्या शेताच्या धुऱ्यावरचं काहीच तोडू नका, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) शेजारचं तर बिलकुल नाही. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली हे आपण पाहिलं, पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्याचं काय होईल तो हिशेब तुम्हीच करा. मी एक टोपलं घराच्या मागं ठेवलं आहे, त्यात मेथी-सांबार-राळा पेरतो, फक्त यांच्यासाठी.

आता खात नाही तेव्हा काय करायचं, खरा प्रश्न तर तोच. नवीन वस्तू म्हणजे त्याला शत्रूच वाटते. सकाळी तो सगळ्यात भुका असतो, तेव्हा दाण्याची वाटी काढून ठेवा आणि पहिले भाजी द्या, तासाभरानं दाणे. उपाशी ठेवू नका, छोटं पिल्लू एक दिवस पण उपाशी काढू शकत नाही. वाटीत नाही खाल्लं तर बशीत पसरा, बशीत नाही तर पाल्याची ओली जुडी दांडीच्या बाजूला बांधा, बजी तर ओल्या पाल्यात अंघोळ करता करता चावायला लागतो. त्याच्यासमोर तुम्ही खा, मच्याक मच्याक आवाज करून, घरचे हसतील हसू द्या. किसलेल्या गाजरावर थोडा राळा भुरभुरवा, राळा शोधता शोधता गाजर तोंडात जाते. आणि दहा वेळा फेकलं म्हणून बंद करू नका, आमच्या एका बजीनं कोहळं पंधराव्या दिवशी चाखलं आणि आता त्याच्यासाठी भांडते.

कॅल्शियमसाठी कटलफिश बोन म्हणजे समुद्रफेस अडकवून ठेवा, नाहीतर अंड्याचं टरफल उकळून वाळवून पावडर करून भाजीवर. उकडलेलं अंडं आठवड्यातून एकदा-दोनदा बोटाच्या पेराएवढं, वाढत्या वयात लागते ते. सकाळचं कोवळं ऊन पण, पण अर्धी सावली ठेवून.

बंद म्हणजे बंद: चहा, कॉफी, चॉकलेट, अॅव्होकॅडो, कांदा-लसूण, मीठ लावलेलं काहीही, शेव-चिवडा, आणि बुरशी आलेले शेंगदाणे, त्यातलं विष लिव्हरच खाऊन टाकते. खर्रा घोटलेल्या हातानं दाणे टाकायचे नाहीत, हसू नका, तंबाखू हातालाच असते ना आणि तो बोट चाटतो. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या धुरानं पक्षी थोड्याच वेळात मरू शकतो, पिंजरा सैपाकघरात नकोच.

उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जाते, तेव्हा कापलेली भाजी, मोड, अंडं तासाभरात उचला, बाकी दिवसात दोन तास. पाणी दिवसातून दोनदा बदला, मे महिन्यात तीनदा.

आणि वाटी. पोपट दाणा सोलून खातो आणि टरफल परत वाटीतच पाडतो, वरून पाहिलं तं वाटी भरलेलीच दिसते. बरेच जण लग्नाला दोन दिवस गेले, वाटी भरलेली होती म्हणतात आणि पक्षी उपाशी मेलेला असतो. रोज वाटीवर फुंकर मारा, टरफलं उडाली की खाली किती दाणे आहेत ते कळते.

बीट दिल्यावर विष्ठा लाल दिसली तर घाबरून रात्री अकराला फोन करू नका, बीटाचाच रंग आहे तो, दुसऱ्या दिवशी जाते. दोन दिवस बीट न देताही लाल असली, किंवा पिल्लू फुगून कोपऱ्यात बसलं, वाटीकडं येतच नाही, तर मला विचारत बसू नका, त्याच दिवशी जनावराच्या दवाखान्यात न्या.